भोरड्या परत जाण्याआधी

फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावरीचे झाड पाहावे. एक पान नाही, पण फांद्या लाल फुलांनी भरलेल्या. सकाळी त्या फुलांवर जो कलकलाट चालतो, तो बहुधा भोरड्यांचा असतो. डोके, पंख, शेपटी काळी. पाठ आणि पोट गुलाबी. मैनेच्याच कुळातला हा पक्षी. याला पळस मैना असेही म्हणतात.

भोरडी आपल्याकडची पाहुणी. जुलै-ऑगस्टपासून तिचे थवे येऊ लागतात आणि एप्रिलपर्यंत मध्य आशियाकडे परततात. तिथल्या माळरानांवर मे-जूनमध्ये टोळ माजतात, तोच पिलांचा घास. चीनमधील शिनजियांग प्रांतात टोळ आटोक्यात राहावेत म्हणून माणसे दगडांचे ढीग रचून भोरड्यांच्या घरट्यांची सोय करतात. एवढ्या लांबच्या प्रवासाची शिदोरी ती इथल्या सावर, पांगारा, पळसाच्या फुलांतून गोळा करते.

पक्ष्यांचे फोटो काढणे हे पैसेवाल्यांचे काम, असे आपण धरून चालतो. भोरडीच्या बाबतीत ते खरे नाही. झाडाला पाने नाहीत आणि पाखरू फुलावर पुन्हा पुन्हा येते. घरातला मोबाईलही चालतो. जवळच्या बागेत सकाळी लवकर जावे. सूर्य आपल्या पाठीशी ठेवावा. झूम फार ताणू नये, चित्र फाटते. हात कठड्यावर टेकवावा, पडद्यावर पक्ष्याला बोट लावावे आणि लागोपाठ दहा-वीस फोटो घ्यावेत. पांढऱ्या आभाळापुढे पक्षी काळाठिक्कर दिसला, तर उजेड थोडा वाढवावा. दगड मारून उडवू नये, फांदी ओढू नये.

धारावीला लागून मिठी नदीकाठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. ते १९९४ साली खुले झाले. पूर्वी तिथे शहराचा कचरा पडत असे. त्याच जमिनीवर झाडे लावली आणि पाखरे आली. पाखरे बघायला दूरच्या जंगलातच जावे लागते असे नाही.

फोटो निघाला की मुलांना वहीत तारीख, वेळ, जागा आणि झाडाचे नाव लिहायला सांगावे. ही नोंद 'ई-बर्ड'वर फुकट टाकता येते. पक्षी केव्हा आले, केव्हा गेले, याचा अभ्यास अभ्यासक अशाच नोंदींवरून करतात. फोटो थोडा अस्पष्ट असला तरी पक्षी ओळखू आला म्हणजे झाले. नोंद चाळीतल्या मुलीची की बंगल्यातल्या साहेबांची, हे तिथे कोणी विचारत नाही. ती खरी असावी, एवढेच.

एप्रिल संपता संपता झाड मुके होईल. या रविवारीच मुलांना घेऊन निघा.