पोलीस तक्रार प्राधिकरण
पोलिसांविरुद्धच्या गंभीर तक्रारींची खात्याबाहेरून चौकशी करणारी वैधानिक संस्था. प्रकाश सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात २२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्य व जिल्हा या दोन्ही स्तरांवर अशी प्राधिकरणे स्थापण्याचा निदेश दिला. महाराष्ट्राने २०१४ मध्ये महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ (पूर्वीचा मुंबई पोलीस अधिनियम) यात दुरुस्ती करून ती निर्माण केली. मात्र जिल्ह्याऐवजी विभाग हा स्तर स्वीकारला. राज्य प्राधिकरणाचे अध्यक्षपद उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीशाकडे असते. कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, बेकायदा अटक, खंडणी इ. तक्रारी त्याच्या कक्षेत येतात.

धाराशिव (उस्मानाबाद) जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता; आज तो छत्रपती संभाजीनगर महसुली विभागात मोडतो. त्यामुळे विभागीय प्राधिकरणाकडे दाद मागताना येथील ग्रामीण तक्रारदारास जिल्ह्याबाहेर पाहावे लागते. प्राधिकरणाच्या शिफारशी बंधनकारक असाव्यात, असा न्यायालयाचा निदेश होता. राज्याच्या अधिनियमानुसार मात्र अपवादात्मक प्रकरणी, लेखी कारणे नमूद करून, शासनास अहवाल नाकारता येतो. साहजिकच पोलिसांच्या उत्तरदायित्वाचा अंतिम निर्णय शासनाच्याच हाती राहतो.