डुप्लिकेट माल परत करायचा, पण कुठे?

मोबाईलवरून वस्तू मागवणे आता आपल्याला नवीन राहिलेले नाही. किनवटकडच्या डोंगरातल्या गावात पार्सल घेऊन पोरगा येतो, तसा तो निलंग्याच्या गल्लीतही येतो. वस्तू चांगली निघाली तर प्रश्नच मिटला. पण खोके उघडल्यावर आतला माल डुप्लिकेट निघाला, आणि विकणारा परदेशातला निघाला, तर काय करायचे? गटाच्या बैठकीत हे पुन्हा पुन्हा विचारले जाते. म्हणून आज त्यावरच बोलू.

एक उदाहरण धरून चालू. समजा, उदगीर तालुक्यातल्या एका ताईने शिलाई मशिनला लावायला मोटर मागवली. मोबाईलवर जाहिरात दिसली, नाव मोठ्या कंपनीचे, किंमत १,८०० रुपये. दुकानात तीच मोटर २,५०० ची. वीस-बावीस दिवसांनी पार्सल आले. पाहते तर कंपनीच्या नावातले एक अक्षरच वेगळे, वॉरंटी कार्ड कोरे, आणि दहा मिनिटे चालवली की हात लावता येत नाही इतकी मोटर तापते. ताईने तक्रार केली. विकणाऱ्याचे उत्तर मोठे गोड आले: माफ करा, माल परत पाठवा, लगेच पैसे देतो. पत्ता दिला चीनमधल्या शेंझेन शहराचा. पाठवण्याचा खर्च मात्र ताईने करायचा.

इथेच बहुतेक जणी अडकतात. काही जणी कंटाळून सोडून देतात. काही जणी पदरचे पैसे घालून पार्सल करायला निघतात. आमचे सांगणे असे की यातले काहीच करू नका. तो पत्ता मिळाला म्हणून पोस्टाची पायरी चढायची घाई नको.

एक तर खर्च. दीड-दोन किलोचे पार्सल परदेशी पाठवायला मोटरीच्या किमतीइतके, कधी त्याहूनही जास्त पैसे लागतात. दुसरी गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. देशोदेशींच्या टपालाचे नियम युनिव्हर्सल पोस्टल युनियन ही संस्था ठरवते, आणि बनावट माल टपालाने पाठवायला तिच्या करारातच मनाई आहे. आता बघा, पोस्टात फॉर्मवर आत काय आहे ते लिहावे लागते. कंपनीचे नाव लिहिले तर ते खोटे, आणि नकली लिहिले तर पार्सल घेणार कोण? समजा गेलेच आणि तिकडच्या कस्टमने अडवले, तर विकणारा हात वर करून मोकळा: आम्हाला माल मिळालाच नाही. हे सगळे त्याला तुमच्या-आमच्यापेक्षा चांगले ठाऊक असते. म्हणून तो पत्ता देतो.

मग त्याला कळवायचे काय? तीनच वाक्ये पुरे: वस्तू बनावट आहे. मला पूर्ण पैसे परत हवेत. माल हवा असेल तर तुमच्या खर्चाने माझ्या घरून उचलून न्या. मराठीत लिहून मोबाईलवर भाषांतर करून पाठवले तरी चालते. पण हे बोलणे ॲपच्या किंवा वेबसाईटच्या चॅटमध्येच करा. विकणारा व्हॉट्सॲपवर बोलू म्हणाला तर नको म्हणा, कारण तिथले बोलणे त्या कंपनीच्या नोंदीत राहत नाही.

असे लिहिल्यावर घासाघीस सुरू होते. आधी म्हणतील, माल तुम्हीच ठेवा, २०० रुपये परत देतो. तुम्ही नाही म्हटले की ३०० होतील, मग ५००. बाजारातल्या घासाघीशीत आपण कुणाला हार जाणाऱ्या नाही, पण इथे खेळ वेगळा असतो. प्रत्येक ॲपवर तक्रार करायची मुदत ठरलेली असते, आणि त्याला तेवढे दिवस काढायचे असतात. ती मुदत ऑर्डरच्या पानावर पहिल्याच दिवशी बघून घ्या. आणखी एक युक्ती म्हणजे, "तक्रार आधी मागे घ्या, मग पैसे टाकतो." पैसे खात्यात दिसल्याशिवाय तक्रार मागे घ्यायची नाही. एकदा बंद केलेली तक्रार बऱ्याच ठिकाणी पुन्हा उघडत नाही. तिसरी युक्ती परतीचे कारण निवडताना असते. तो सांगेल, "आवडले नाही" यावर बोट ठेवा, काम लवकर होईल. ते ठेवलेत की परतीचा खर्च तुमच्या गळ्यात. कारण एकच निवडायचे: माल बनावट आहे.

हे मागणे म्हणजे कुणाची मेहेरबानी मागणे नाही. केंद्र सरकारने २३ जुलै २०२० ला ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम लागू केले. माल सदोष किंवा बनावट असेल, अथवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल, तर ॲपवर विकणाऱ्याला तो परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देता येत नाही. प्रत्येक कंपनीने तक्रार अधिकारी नेमायचा, तक्रार मिळाल्याचे ४८ तासांत कळवायचे आणि एका महिन्यात तिचा निकाल लावायचा. कंपनी परदेशातली असली तरी ती भारतातल्या ग्राहकांना नेमाने माल विकत असेल तर तिलाही हे नियम लागू आहेत. वस्तू कोणत्या देशात बनली हेही ॲपवर दाखवावे लागते. ते कुठेच दिसत नसेल आणि माल यायला वीस-पंचवीस दिवस लागतील असे लिहिले असेल, तर विकणारा बाहेरचा आहे असे समजून चाला.

आता पुराव्याचे. पार्सल उघडताना घरातल्या पोरीला किंवा शेजारणीला मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगा, वरच्या चिठ्ठीपासून आतल्या वस्तूपर्यंत, मध्ये न थांबवता. ती चिठ्ठी फेकू नका. तिच्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता असतो, लिहिलेली किंमत असते. काही वेळा मोटर १,८०० ची आणि चिठ्ठीवर किंमत दीडशे-दोनशेची, वर "भेटवस्तू" असा शेरा. पूर्वी परदेशी विक्रेते कर चुकवायला असे सर्रास करत. १२ डिसेंबर २०१९ पासून भेट म्हणून टपालाने किंवा कुरिअरने माल आणायला आपल्या देशात बंदी आहे. सवलत फक्त जीवरक्षक औषधांना आणि राखीला. राखीला सवलत आहे, राखीसोबतच्या भेटीला नाही, बरं का! तेव्हा असा शेरा दिसला तर फोटो काढून ठेवा. विकणाऱ्याने काय लबाडी केली हे त्यातून दिसते.

सगळ्यात वजनदार पुरावा म्हणजे कंपनीचा कागद. ज्या कंपनीचे नाव वस्तूवर आहे तिच्या लातूर किंवा नांदेडच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला वस्तू दाखवा आणि "हा आमचा माल नाही" असे लिहून मागा. तोंडी सांगणे कामाचे नाही. लिहून देत नसतील तर कंपनीच्या ईमेलवर फोटो आणि नंबर पाठवून उत्तर मागवा. हा कागद पुढे बँकेत लागतो.

आणि हे सगळे ॲपच्या बाहेर जपून ठेवा. २९ जून २०२० ला केंद्र सरकारने एका आदेशाने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. त्यात क्लब फॅक्टरी आणि शीन ही खरेदीची ॲपही होती. ॲपच उघडेना, तर त्यातली ऑर्डर, पावती आणि झालेले बोलणे कुठून दाखवणार? ऑर्डर केली की पानाचा स्क्रीनशॉट काढून गटातल्या आणखी एखाद्या ताईच्या मोबाईलवर पाठवून द्यायचा. पाच मिनिटांचे काम आहे.

पैसे परत मिळतील की नाही हे तुम्ही ते कसे भरले यावर पुष्कळ अवलंबून असते. कार्डाने भरले असतील तर तुमची बाजू बळकट. बँकेत जाऊन "चार्जबॅक" हवा आहे, त्याचा फॉर्म द्या, असे सांगा. चार्जबॅक म्हणजे आपली बँक विकणाऱ्याच्या बँकेकडून पैसे परत मागते. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत "माल बनावट आहे" हे त्यासाठी कारण म्हणून धरलेले आहे, आणि साधारण १२० दिवसांची मुदत असते. सर्व्हिस सेंटरचा कागद जोडायचा तो इथे. शाखेत कुणाला हा शब्द माहीत नसेल तर बँकेच्या ग्राहक सेवेला फोन लावा, पण अर्ज दिल्याची पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. ३० दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. माहितीसाठी नंबर १४४४८.

यूपीआयने भरले असतील तर काम अवघड. पैसे थेट समोरच्याच्या खात्यात गेलेले असतात. बँकेकडे आणि ॲपवर तक्रार जरूर करा, पण कार्डासारखी सोय इथे नाही. पार्सल हातात घेऊन रोख दिले असतील तर मात्र हालचाल त्याच दिवशी करायची. कुरिअर कंपनी गोळा केलेली रोकड विकणाऱ्याला बहुधा काही दिवसांनी देते. तेवढ्या वेळात तिला लेखी कळवा की माल बनावट आहे, पैसे पुढे देऊ नका. थांबवतीलच असे नाही, पण आठ दिवसांनी सांगून तर काहीच उपयोग नाही.

मध्येच एक सावधगिरी. पैसे परत हवेत म्हणून मोबाईलवर "कस्टमर केअर नंबर" शोधू नका. तिथे चोरट्यांचेही नंबर असतात. ते म्हणतात, हा क्यूआर कोड स्कॅन करा, पिन टाका, पैसे येतील. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की आपल्या खात्यातून पैसे जातात, आणि १,८०० च्या मोटरीपायी गटाच्या खात्यातले पन्नास हजार जाऊ शकतात. असे घडलेच तर क्षणभरही न थांबता १९३० वर फोन करा. हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे.

साध्या तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर १९१५. तिथे मराठीत बोलता येते. ऑर्डर नंबर आणि तारखा जवळ घेऊन बसा. आमच्या मते न्यायमंचाच्या आधी हा फोन करावा. कंपनी मोठी असेल तर पुष्कळदा तेवढ्यावरच हलते.

तरीही नाहीच झाले तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, लातूरलाही आणि नांदेडलाही. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने मोठी सोय केली: तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. मुखेडच्या ताईने नांदेडला, औशाच्या ताईने लातूरला. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लावायची सक्ती नाही, मुदत दोन वर्षांची. ई-जागृती या संकेतस्थळावरूनही अर्ज करता येतो. फक्त एकट्या शेंझेनच्या दुकानदाराविरुद्ध तक्रार करू नका. निकाल लागला तरी त्याच्याकडून वसूल कोण करणार? ज्या ॲपवरून माल घेतला त्या कंपनीला तक्रारीत आधी ओढा.

"मोटर धंद्यासाठी घेतली, मग तुम्ही ग्राहक कसल्या?" असे समोरून विचारले जाईल. घाबरू नका. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने व्यापारी कामाची धरत नाहीत. घरी बसून ब्लाऊज शिवणारी ताई ग्राहकच आहे. पण पुन्हा विकण्यासाठी माल घेतला असेल, म्हणजे क्रीमच्या पन्नास डब्या किंवा घड्याळे, तर मात्र या आयोगाचे दार बंद. आणि अशा डुप्लिकेट डब्या निदान आठवडी बाजारात खपवून पैसे काढू, असा विचार कुणी करत असेल तर तो सोडा. बनावट नावाचा माल विकणे हा ट्रेडमार्क कायद्याखाली गुन्हा आहे. सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. तिथे शेंझेनचा दुकानदार सापडणार नाही, बाजारात बसलेली बाई सापडेल.

उदाहरणातल्या त्या मोटरीला आता हात लावायचा नाही. तापणारी मोटर चालवून बघायची नाही, भंगारवाल्याला द्यायची नाही, आणि "कामापुरती" म्हणून शेजारणीला तर मुळीच द्यायची नाही. मूळ खोक्यात घालून, वर तारीख लिहून, प्रकरण मिटेपर्यंत कपाटावर ठेवून द्या. बँक किंवा आयोग ती कधीही दाखवायला सांगू शकतो.