एक बेट, दोन लीग आणि मधला चषक

डब्लिन

डब्लिनहून बेलफास्टला जाणारी ‘एंटरप्राइज’ गाडी दोन-सव्वादोन तासांत पोचते. वाटेत आपण आयर्लंड प्रजासत्ताकातून युनायटेड किंग्डमच्या उत्तर आयर्लंडमध्ये शिरलो, हे कळायला काहीच खूण नसते. मोटारीने गेलात तर वेगमर्यादेच्या पाट्या किलोमीटरऐवजी मैलांत येऊ लागतात आणि रस्त्याच्या कडेची पिवळी रेघ पांढरी होते, एवढेच. जवळपास पाचशे किलोमीटरच्या या सीमेवर एके काळी लष्कराच्या चौक्या आणि टेहळणीचे मनोरे होते. १९९८ च्या गुड फ्रायडे शांतता करारानंतर ते उतरवले गेले.

रग्बीमध्ये या बेटाचा एकच संघ आहे. क्रिकेटमध्येही तसेच. २०११ च्या विश्वचषकात बंगळुरूला केविन ओब्रायनच्या शतकाच्या जोरावर इंग्लंडला हरवणारा आयर्लंडचा संघ आपल्याकडच्या अनेकांना आठवत असेल. तो दोन्ही भागांचा मिळून होता. फुटबॉल मात्र दुभंगलेला आहे. १८८० मध्ये बेलफास्टला स्थापन झालेली आयरिश फुटबॉल संघटना साऱ्या बेटाचा कारभार पाहत असे. १९२१ मध्ये फाळणी झाली आणि त्याच वर्षी डब्लिनच्या क्लबांनी आपली वेगळी संघटना काढली. तेव्हापासून दोन संघटना, दोन लीग, दोन राष्ट्रीय संघ.

अशा ठिकाणी २००५ मध्ये सेटांटा चषक सुरू झाला, म्हणून त्याची गोष्ट सविस्तर सांगावीशी वाटते. दोन्हीकडचे आघाडीचे क्लब दरवर्षी एकमेकांशी खेळतील अशी ही स्पर्धा होती. पैसा सेटांटा या क्रीडावाहिनीचा. पहिल्या वर्षी दोन्हीकडचे तीन-तीन क्लब उतरले.

यात धाडस होते. ते कसले, हे समजायला थोडे मागे जावे लागेल. ऑगस्ट १९७९ मध्ये युरोपियन कपसाठी दक्षिणेचा, म्हणजे प्रजासत्ताकातला, डंडॉक आणि बेलफास्टचा लिनफिल्ड यांची गाठ पडली. डंडॉक हे सीमेलगतचे गाव. लिनफिल्ड हा ब्रिटनशी निष्ठा बाळगणाऱ्या प्रोटेस्टंट समाजाचा लाडका क्लब. सामन्याच्या दोनच दिवस आधी ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या आयआरए या सशस्त्र संघटनेने स्लायगोच्या किनाऱ्यावर लॉर्ड माउंटबॅटन यांची बोट स्फोटाने उडवली. हेच आपले शेवटचे व्हाइसरॉय. त्याच दिवशी वॉरनपॉइंटला १८ ब्रिटिश सैनिक मारले गेले. अशा हवेत सामना झाला आणि डंडॉकच्या ओरिएल पार्क मैदानावर दंगल उसळली. परतीचा सामना बेलफास्टमध्ये घ्यायची सोयच उरली नाही. तो थेट नेदरलँड्समधल्या हार्लेमला खेळवावा लागला.

डेरी सिटीची कथा याहून वेगळी आणि माझ्या मते अधिक क्लेशाची. डेरी शहर उत्तर आयर्लंडमध्ये आहे, वस्ती बहुतांश कॅथलिक. जानेवारी १९६९ मध्ये तिथल्या ब्रँडीवेल मैदानावर लिनफिल्डच्या पाठीराख्यांना पोलिसांच्या संरक्षणात बाहेर काढावे लागले. पुढे सुरक्षेच्या कारणावरून डेरीला घरचे सामने ब्रँडीवेलवर घेऊ देईनात. काही काळ पन्नासेक किलोमीटरवरच्या कोलरेनला जाऊन ‘घरचे’ सामने खेळल्यावर १९७२ मध्ये क्लबने उत्तरेची लीग सोडली. १९८५ पासून तो दक्षिणेच्या लीगमध्ये खेळतो. राहायचे एका देशात आणि दर पंधरवड्याला सामन्यासाठी दुसऱ्यात जायचे, हा त्याचा नित्यक्रम झाला आहे.

सेटांटा चषक सुरू होण्याआधी, फेब्रुवारी २००५ मध्ये, याच ब्रँडीवेलवर लिनफिल्डला मैत्रीपूर्ण सामन्यासाठी बोलावले गेले. बंदोबस्ताची ती रंगीत तालीम होती. ती पार पडली आणि सीमा ओलांडून सामने खेळवणे शक्य आहे असा भरवसा आला. त्यानंतर तीनच महिन्यांनी डब्लिनच्या टोल्का पार्कवर लिनफिल्डने डब्लिनच्याच शेलबर्नला २-० असे हरवून पहिला चषक जिंकला. आदल्याच वर्षी शेलबर्न चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत स्पेनच्या देपोर्तिव्हो ला कोरुन्याशी खेळून आला होता, त्यामुळे निकालाचा अचंबा वाटणे साहजिक होते. २००७ मध्ये उलटे घडले. दक्षिणेच्या ड्रॉहेडा युनायटेडने बेलफास्टच्या विंडसर पार्कवर, लिनफिल्डच्या अंगणातच, पेनल्टींवर बाजी मारली.

एरवी पारडे दक्षिणेकडेच झुकलेले राहिले. नऊपैकी सात चषक तिकडच्या क्लबांनी नेले. लिनफिल्डनंतर उत्तरेला यश मिळाले ते एकदाच, २०१२ मध्ये क्रुसेडर्सला. तो अंतिम सामना मला या स्पर्धेतला सर्वांत अर्थपूर्ण वाटतो. दक्षिणेच्या लीगच्या वतीने उतरला होता डेरी सिटी. म्हणजे दोन्ही क्लब उत्तर आयर्लंडमधलेच, मैदानही पूर्व बेलफास्टचे ‘ओव्हल’. २-२ अशा बरोबरीनंतर पेनल्टींवर निकाल लागला. १९७२ मध्ये उत्तरेच्या फुटबॉलमधून बाहेर पडावे लागलेला क्लब चाळीस वर्षांनी बेलफास्टमध्ये अंतिम सामना खेळत होता, आणि त्यासाठी त्याला दक्षिणेच्या वाटेने यावे लागले होते.

२०१४ ची स्पर्धा शेवटची ठरली. अनेक परदेशी वाचक गृहीत धरतील की धार्मिक वैराने ती संपवली. तसे झाले नाही. तिला नडले वेळापत्रक. दक्षिणेची लीग २००३ पासून उन्हाळी झाली, साधारण फेब्रुवारी-मार्च ते ऑक्टोबर-नोव्हेंबर. उत्तरेची ऑगस्ट ते मे. एक संघ हंगामाच्या तोंडाशी, तर दुसरा लीगच्या निर्णायक सामन्यांत अडकलेला. दक्षिणेत सामने शुक्रवारी संध्याकाळी, उत्तरेत शनिवारी दुपारी. उत्तरेचे बहुतेक खेळाडू दिवसा नोकरी करणारे. आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी दक्षिणेतले दूरचे कॉर्क गाठायचे तर रजा काढावी लागे. त्यात सेटांटाचा ब्रिटनमधला कारभार २००९ मध्ये कोसळला. २०१५ साठी तारखाच जुळल्या नाहीत.

मग सरळ एकच लीग का करत नाहीत? उद्योजक किरन ल्युसिड यांनी २०१९ च्या सुमारास तशी योजना मांडली होती. बेलफास्टच्या संघटनेने ती मान्य केली नाही. ओळख गमावण्याची भीती आहेच, पण हिशेबही आहे. दोन संघटना म्हणजे युरोपीय स्पर्धांत दोन विजेते आणि त्यांच्या मागोमाग आणखी काही क्लब. लीग एक झाली तर त्या जागा घटतील, ही धास्ती दोन्हीकडे आहे. युरोपातल्या एक-दोन फेऱ्यांचे मानधन या छोट्या क्लबांचे सारे वर्ष तारून नेते, त्यामुळे ही भीती मला खोटी वाटत नाही.

दोन्हीकडच्या क्लबांची गाठ युरोपात मात्र पडतेच. ऑक्टोबर २०२४ मध्ये कॉन्फरन्स लीगमध्ये उत्तरेचा लार्न आणि डब्लिनचा शॅमरॉक रोव्हर्स विंडसर पार्कवर भिडले. रोव्हर्सने ४-१ असा विजय मिळवला. आणि महिलांनी २०२३ पासून दोन्हीकडच्या क्लबांचा स्वतंत्र ऑल-आयलंड चषक सुरू केला आहे. पहिल्या अंतिम सामन्यात गॉलवे युनायटेडने बेलफास्टच्या क्लिफ्टनव्हिलला हरवले. महिलांच्या दोन्ही लीग उन्हाळ्यातच खेळल्या जातात, त्यामुळे त्यांच्या तारखा जुळतात.