कियांती : टस्कनीचे तांबडे मद्य आणि आपला वैद्यकीय विवेक

मद्याची ओळख करून देणारा लेख डॉक्टरांच्या स्मरणिकेत कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आपल्या दवाखान्यांतच आहे. ‘डॉक्टरसाहेब, रेड वाईन हृदयाला चांगली असते म्हणतात, थोडी घेतली तर चालेल का?’ हा प्रश्न आता नागपूर-मुंबईपुरता उरलेला नाही; पांढुर्णा आणि सौंसरलाही तो विचारला जातो. ज्या वस्तूविषयी सल्ला द्यायचा ती वस्तू आधी नीट जाणून घ्यावी, हा वैद्यकाचा जुना दंडक आहे. म्हणून तांबड्या वाईनमधील एका थोर घराण्याची, इटलीच्या ‘कियांती’ची, ही ओळख.

कोंबड्याने आखलेली सीमा

मध्य इटलीतील टस्कनी प्रांतात फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन नगरांच्या मध्ये ज्या टेकड्या पसरल्या आहेत, तो कियांतीचा मूळ प्रदेश. मध्ययुगात त्याच्या मालकीवरून दोन्ही नगरांत वैर होते. आख्यायिका अशी की, पहाटे कोंबडा आरवताच दोन्हीकडून एकेक घोडेस्वार निघावा आणि ते जिथे भेटतील तिथे सीमा मानावी, असे ठरले. सिएनाने पांढरा कोंबडा निवडून त्याला भरपूर खाऊ घातले. तो सुखाने झोपला. फ्लॉरेन्सने काळा कोंबडा उपाशी ठेवला. तो भुकेने व्याकूळ होऊन उजाडण्यापूर्वीच आरवला. फ्लॉरेन्सचा स्वार पुष्कळ पुढे गेला आणि बहुतेक सारा प्रदेश त्या नगराला मिळाला. जाम नदीच्या दोन काठांवरील पांढुर्णा आणि सावरगाव यांच्या गोटमारीत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी फुटलेल्या डोक्यांना टाके घालणाऱ्या आपल्या डॉक्टरांना, कोंबड्यावर भागलेल्या या तंट्याचा हेवाच वाटावा! तो काळा कोंबडा आजही ‘कियांती क्लासिको’च्या बाटलीवर दिमाखाने उभा आहे.

आख्यायिका बाजूला ठेवली तरी या मद्याचा लिखित इतिहास भक्कम आहे. १७१६ साली टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो द मेदिची याने फर्मान काढून कियांतीची हद्द निश्चित केली. मद्याचे नाव त्याच्या भूमीशी कायद्याने बांधण्याचा हा जगातील अगदी आरंभीचा प्रयत्न मानला जातो. आपल्या भागातील शेतकऱ्यांना ही कल्पना परकी वाटू नये. नागपुरी संत्र्याला २०१४ साली मिळालेले भौगोलिक मानांकन त्याच विचाराचे फळ आहे.

द्राक्ष आणि पाककृती

कियांतीचा प्राण म्हणजे ‘सांजोवेझे’ नावाचे काळे द्राक्ष. इटलीचे पंतप्रधानपद भूषविलेले बॅरन बेत्तीनो रिकासोली यांनी ब्रोलिओ येथील आपल्या वाड्यात अनेक वर्षे प्रयोग करून १८७२ च्या एका पत्रात या मद्याची कृती नोंदविली. सुगंध आणि जोम यांसाठी सांजोवेझे, त्याचा कडवेपणा सौम्य करण्यासाठी कानायोलो, आणि लवकर पिण्याच्या हलक्या मद्यासाठी माल्वाझिया हे पांढरे द्राक्ष, असा त्यांचा हिशेब होता. पुढे मागणी वाढली, तशी पांढऱ्या द्राक्षांची भरही वाढली आणि गवताच्या वेष्टणातील गोल बाटली स्वस्त मद्याची खूण बनली. उत्पादकांनी मग नियम कडक केले. आज ‘कियांती क्लासिको’त किमान ८० टक्के सांजोवेझे लागते आणि २००६ च्या हंगामापासून पांढरी द्राक्षे पूर्ण वर्ज्य आहेत.

बाटली कशी वाचावी

नुसते ‘कियांती’ लिहिलेले असेल तर ते टस्कनीच्या विस्तृत पट्ट्यातील मद्य समजावे. ‘क्लासिको’ आणि काळा कोंबडा असेल तर ते मूळच्या टेकड्यांमधले. १९२४ साली ३३ उत्पादकांनी एकत्र येऊन या मूळ प्रदेशाचा संघ स्थापन केला. क्लासिको किमान १२ महिने, ‘रिझेर्वा’ २४ महिने आणि ‘ग्रान सेलेत्सिओने’ ३० महिने मुरविलेले असते.

चवीचे वर्णन आपल्या फळांनीच करावे. आंबटपणा ठसठशीत, चेरीच्या अंगाचा सुवास, आणि जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी आखडते तसा तुरटपणा. हा तुरटपणा टॅनिनचा. पुस्तकांत तांबडी वाईन ‘खोलीच्या तापमानाला’ द्यावी असे लिहिलेले असते. ती खोली युरोपातली, १६ ते १८ अंशांची. सौंसरच्या मे महिन्यातली नव्हे! टोमॅटोच्या रश्शाशी आणि भाजलेल्या मांसाशी हिचे जमते. सावजी रश्श्याच्या तिखटापुढे मात्र मद्याचा दाह आणि तुरटपणा दोन्ही वाढतात.

अकलूजची सांजोवेझे

हे द्राक्ष आता मराठी मातीतही रुजले आहे. सोलापूर जिल्ह्यातील अकलूजच्या परिसरात या शतकाच्या पहिल्या दशकात ‘फ्रातेल्ली’ हा मद्यप्रकल्प उभा राहिला. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थ ‘भाऊ’. इटलीचे सेक्की बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधू अशा तीन जोड्या, आणि सातवे टस्कनीचे मद्यतज्ज्ञ पिएरो मासी. सांजोवेझे आणि कॅबर्ने सोव्हिन्यों यांच्या मिश्रणातून त्यांनी घडविलेल्या मद्याचे नाव ‘सेत्ते’, म्हणजे ‘सात’.

येथे संत्राउत्पादकाला रस वाटावा अशी एक गोष्ट आहे. टस्कनीत वेल थंडीत झोपतो, वसंतात फुटतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी होते. महाराष्ट्राच्या उष्ण हवेत वेलाला ही झोप मिळत नाही. म्हणून दोनदा छाटणी करावी लागते : एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी, मग जानेवारी ते मार्च तोडणी. आपण संत्र्याच्या झाडाला पाण्याचा ताण देऊन आंबिया किंवा मृग बहार धरतो, तीच ही विद्या : निसर्गाने न दिलेली विश्रांती माणसाने द्यायची. संत्र्याची कलमे आपण जंबेरीच्या खुंटावर बांधतो, तसे द्राक्षाचेही कलम रोगकिडीला आणि जमिनीला पुरून उरणाऱ्या खुंटावर बांधतात.

हृदयाचा प्रश्न

आता मुख्य मुद्दा. १९९२ साली रेनो आणि द लोर्जेरिल यांनी ‘लॅन्सेट’मध्ये ‘फ्रेंच विरोधाभास’ मांडला : स्निग्ध पदार्थ भरपूर खाऊनही फ्रेंचांत हृदयविकाराचे मृत्यू कमी, आणि त्याचे श्रेय बहुधा वाईनला. पाठोपाठ द्राक्षाच्या सालीतील ‘रेस्वेराट्रॉल’ या द्रव्याचा गाजावाजा झाला, त्याच्या गोळ्याही बाजारात आल्या.

याची कसोटी खुद्द कियांतीच्या भूमीतच लागली, हा मोठा अर्थपूर्ण योग होय. ग्रेवे इन कियांती आणि बान्यो आ रिपोली या दोन गावांतील वृद्धांचा ‘इन-कियांती’ नावाचा दीर्घ अभ्यास १९९८ साली सुरू झाला. ६५ वर्षांवरील ७८३ व्यक्तींच्या लघवीतील रेस्वेराट्रॉलचे अंश मोजले गेले आणि त्यांचा नऊ वर्षे पाठपुरावा झाला. त्या काळात २६८ जण मरण पावले. ज्यांच्या लघवीत हे अंश अधिक होते त्यांचे आयुष्य अधिक आढळले नाही. त्यांच्यात हृदयविकार किंवा कर्करोगही कमी आढळला नाही. हे निष्कर्ष २०१४ साली ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. जुन्या अभ्यासांतील एक दोषही आता सर्वमान्य आहे : ‘न पिणाऱ्यां’च्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेले रुग्ण मिसळले गेले, आणि त्यामुळे थोडे पिणारे उगाच निरोगी दिसले.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्याला मानवी कर्करोगाच्या सिद्ध कारणांत बसविले. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले की, आरोग्याच्या दृष्टीने मद्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही.

दवाखान्यात काय सांगावे?

१५० मिलिलिटर वाईनमध्ये, ती साडेबारा टक्क्यांची असेल तर, सुमारे १५ ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. तो टस्कनीच्या द्राक्षाचा की सातपुड्यातील मोहाचा, हा भेद यकृताला कळत नाही. सल्फोनिलयुरिया गटातील औषधे वा इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेहींची साखर रिकाम्यापोटी मद्याने धोकादायकरीत्या उतरू शकते. झोपेच्या गोळ्या, मेट्रोनिडाझोल, वॉरफरिन यांच्या सोबतीने मद्य घेऊ नये, हे चिठ्ठी लिहितानाच सांगावे. आणि आपल्या पट्ट्यात सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खर्रा. तंबाखू आणि मद्य एकत्र आले की तोंडाच्या कर्करोगाचा धोका नुसता बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतो.

शेजारच्या वर्धा जिल्ह्यात गांधीजींच्या वास्तव्याचा मान राखून दारूबंदी आहे, गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या लोकचळवळीनंतर १९९३ साली दारूबंदी आली. दारूने संसार कसे बसतात हे या भूभागाने जवळून पाहिले आहे. म्हणून ‘वाईन म्हणजे दारू नव्हे, औषधच’ या समजुतीला डॉक्टरांच्या मौनाने बळ मिळता कामा नये.

कियांती ही तीनशे वर्षांच्या नियमांनी आणि मेहनतीने घडलेली एक सुंदर कृषिकला आहे. तिचा इतिहास जाणावा, तिच्या शेतकऱ्यांकडून भूमीचे नाव कसे जपावे हे शिकावे. जो घेत नाही त्याने हृदयासाठी म्हणून ती सुरू करू नये; जो घेतो त्याने ती कमी करावी आणि औषध म्हणून तिची सबब सांगू नये. हृदयाच्या रक्षणासाठी रोजचे चालणे, रक्तदाबाची वेळच्या वेळी तपासणी आणि तंबाखूचा त्याग हे उपाय सिद्ध झालेले आहेत. आणि फळांचाच गुण हवा असेल, तर आपल्या बगीच्यातले संत्रे सोलून खावे; त्याला कोणत्याही डॉक्टरची हरकत असणार नाही.