टिंब की स्वल्पविराम?



उसाची गाडी काट्यावर चढते, गव्हाणीत खाली होते, रिकामी परत काट्यावर येते आणि पावती हातात पडते. पावतीवर आकडा असतो १२.३४५. म्हणजे बारा टन तीनशे पंचेचाळीस किलो. आपल्याकडं हे शाळेतलं पोरही सांगेल. पण हाच आकडा जर्मनीतल्या शेतकऱ्यापुढं ठेवला तर तो वाचील बारा हजार तीनशे पंचेचाळीस! तिकडं टिंब हजारासाठी आणि स्वल्पविराम दशांशासाठी. फ्रान्समध्येही दशांशाला स्वल्पविरामच. यात चूक कुणाचीच नाही. वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २००३ साली ठराव करून दशांशासाठी दोन्ही चिन्हे मान्य केली आहेत.

माणूस मागचं-पुढचं पाहून समजून घेतो. घोटाळा होतो तो संगणकात.

संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारे लोक आपलं काम फायलींत साठवून ठेवतात. मापं, दर, टक्केवारी, सगळं त्यात असतं. कित्येक प्रोग्रॅम आकडा साठवताना त्या संगणकावर कोणत्या देशाची पद्धत लावली आहे ते पाहतात. पुण्यात साठवलं तर १२.५; तीच फाईल जर्मनीतल्या जोडीदाराने साठवली तर १२,५. किंमत तीच, पण फाईलभर ओळी बदललेल्या दिसतात आणि खरा बदल कोणता ते शोधत बसावं लागतं.

याहून वाईट गोष्ट वाचताना घडते. 'सी' भाषेतली आकडा वाचण्याची नेहमीची सोय टिंबाच्या पद्धतीवर असताना १२,३४५ वाचू लागली, तर स्वल्पविरामाशी थांबते आणि नुसते १२ घेऊन पुढं जाते. घंटा नाही, तक्रार नाही. उलट 'डॉटनेट'मध्ये जर्मन पद्धत लावून १२.५ वाचले, तर त्याचे १२५ होतात.

आता हिशेब करू. समजा टनाला दर ३,००० रुपये. १२.३४५ टनांचे ३७,०३५ रुपये झाले पाहिजेत. टिंब हजाराचं समजलं तर बिल निघेल ३ कोटी ७० लाख ३५ हजारांचं! ही चूक आंधळ्यालाही दिसेल, लगेच दुरुस्त होईल. पण किलो गळून नुसते १२ टन धरले तर बिल ३६,०००. गेले १,०३५ रुपये, आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही. मोठ्या चुकीपेक्षा भय आहे ते या लहान, मुक्या चुकीचं.

आपली लाखाची पद्धतही यातून सुटत नाही. स्वल्पविरामाने रकाने पाडलेल्या साध्या फायलीत १,२५,००० तसंच लिहिलं, तर संगणक त्याचे तीन रकाने करतो.

मग उपाय काय? जाणकारांनी तो कधीच सांगून ठेवला आहे. फायलीत आकडा एकाच ठरलेल्या पद्धतीने लिहावा: दशांशाला टिंब, हजाराला काहीच नाही. पडद्यावर आणि पावतीवर मात्र ज्याच्या त्याच्या पद्धतीने दाखवावा. आणि वजन सरळ किलोत, दर पैशांत साठवला, तर दशांशाची भानगडच उरत नाही. १२३४५ किलो म्हणजे १२३४५ किलो!

आपण सभासदांनी काय करायचं? पावत्या जपून ठेवायच्या. टिंबापुढचे तीनही आकडे वाचायचे. बारा टन पन्नास किलो म्हणजे १२.०५०, कुणी १२.५ लिहिलं तर ते साडेबारा टन झाले. बिल आलं की सगळ्या पावत्यांची किलोसह बेरीज करून ताडून पाहायची. फरक दिसला तर संकोच न करता विचारायचं. त्यात अविश्वास नाही. घाम आपला, तेव्हा किलोकिलोचा हिशेब विचारणं हे आपलं कामच आहे.