यादी द्या, मग माल न्या
(फुटपाथचा हिशेब : भाग 6)

मागच्या भागात वाशीच्या बाजार समितीतून पहाटे भाजी भरून निघणाऱ्या बायकांचा दिवस दुपारपर्यंत पाहिला. आज संध्याकाळ. गाडी येते ती बहुधा याच वेळेला.

गाडी म्हणजे मुंबई महापालिकेच्या अतिक्रमण निर्मूलन विभागाचा ट्रक. तो वळणावर दिसायच्या आतच कोपऱ्यावरचा केळीवाला शिट्टी घालतो आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात फुटपाथ मोकळा होतो. ज्यांचं बस्तान प्लास्टिकच्या कापडावर असतं त्यांनी चारही टोकांना आधीच दोऱ्या बांधलेल्या असतात. ओढल्या की माळव्याचं गाठोडं, आणि गाठोडं घेऊन शेजारच्या चाळीच्या जिन्याखाली. हातगाडीवाल्याला एवढं चपळ होता येत नाही. आणि वय झालेल्या मावशी आधी इलेक्ट्रॉनिक काटा पोटाशी धरतात, भाजी मागाहून. कारण भाजी उद्या पुन्हा भरता येते; काटा गेला तर नवा घेईपर्यंत धंदाच बंद.

यातलं गणित समजून घ्यायला हवं. समजा सकाळी अडीच हजारांचा माल भरला. सहा वाजेपर्यंत भांडवल सुटतं. उरलेल्या जुड्या आणि वाटे विकून जे येईल ते घरचं. म्हणजे संध्याकाळची गाडी त्या दिवसाची कमाई नेते आणि सकाळची गाडी भांडवलच नेते. भांडवल गेलं की दुसऱ्या दिवशी पहाटे सावकाराकडे हात पसरावा लागतो. सकाळी नऊशे हातावर ठेवून संध्याकाळी हजार मोजून घेणारा सावकार बाजारात सहज भेटतो. त्या व्याजाचा वर्षाचा दर काढायच्या फंदात कोणी पडत नाही. उचललेला माल सोडवायला दंड भरायचा, त्यासाठी दिवस मोडायचा, आणि गोदामात पोचावं तर मेथी पिवळी पडलेली.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम 1 मे 2014 पासून लागू आहे. त्याचं कलम 18 सांगतं की 30 दिवसांची नोटीस दिल्याशिवाय विक्रेत्याला हलवता येणार नाही. नोटिशीनंतरही तो हटला नाही तर रोज 250 रुपयांपर्यंत दंड, पण एकूण दंड जप्त मालाच्या किमतीपेक्षा जास्त असता कामा नये. कलम 19 जप्तीचं. जप्त केलेल्या मालाची यादी करायची, जप्ती करणाऱ्याने तिच्यावर सही करायची आणि तिची प्रत विक्रेत्याला द्यायची. मालावर हक्क सांगितला की नाशवंत माल त्याच दिवशी परत, बाकीचा दोन कामकाजी दिवसांत.

मला या कायद्यातली सगळ्यात माणुसकीची ओळ ही यादीची वाटते. दंडाला मालाच्या किमतीची मर्यादा आहे, पण यादीच नसेल तर किंमत ठरवायची कशावरून? टोमॅटो 12 किलो, कोथिंबीर 40 जुड्या, काटा एक, असं लिहून खाली सही केली की समोरची बाई दुकानदार ठरते आणि तिच्या टोपलीतला ऐवज माल ठरतो. यादी न करता तोच ऐवज ट्रकमध्ये भिरकावला की तो कचरा होतो. फेरीवाल्यांशी बोलताना दंडाची तक्रार येतेच. पण त्याहून कडवटपणे सांगितलं जातं ते पाट्या कशा लाथेने उलटल्या याबद्दल.

मुंबईत ही यादी सहसा मिळत नाही आणि त्यामागे एक कायदेशीर युक्तिवाद आहे. कलम 19 मधला विक्रेता म्हणजे विक्री प्रमाणपत्र असलेला विक्रेता. ज्याच्याकडे ते नाही तो बेकायदा, आणि त्याच्यासाठी 1888 चा महापालिका कायदा आहे. त्याच्या कलम 314 नुसार विनानोटीस माल उचलता येतो. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. मुंबई उच्च न्यायालयानेही 1 नोव्हेंबर 2017 ला रेल्वे स्थानकापासून 150 मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई कायम ठेवली. त्याआधी महिनाभर एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली होती. संध्याकाळी साडेसहाला दादरच्या पुलाखालून घरी जाणाऱ्याला मोकळी वाट हवी, हेही खरंच आहे. (त्याच माणसाला तिथेच दहा पावलांवर लिंबू-कोथिंबीरही हवी असते, पण ते असो.)

प्रश्न असा की प्रमाणपत्र द्यायचं कोणी? महापालिकेच्याच नगर पथविक्रेता समितीने. आधी समिती, मग सर्वेक्षण, मग प्रमाणपत्र. सर्वेक्षण पुरं होऊन प्रमाणपत्रं वाटली जाईपर्यंत कोणाला हटवू नये, असं कलम 3 मध्ये स्वच्छ लिहिलंय. मुंबईत 2014 मध्ये अर्ज भरून घेतले, सुमारे 99 हजार जणांनी भरलेही. पण अधिवासाच्या अटीत त्यातले बहुसंख्य गळाले. कायद्यानुसार लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना जागा द्यायची आहे. 2011 च्या जनगणनेवर हिशेब केला तर मुंबईत तो आकडा तीन लाखांच्या वर जातो. म्हणजे कागद द्यायचा नाही आणि मग कागद नाही म्हणून माल उचलायचा.

त्यात आणखी एक गंमत. 2020 च्या टाळेबंदीनंतर पीएम स्वनिधी योजना आली, दहा हजारांच्या पहिल्या कर्जाची. सर्वेक्षणात नाव नसलेल्यांनाही महापालिकेच्या शिफारस पत्रावर हे कर्ज मिळू लागलं. काटा, क्यूआर कोड, बँकेचा हप्ता, सगळं रीतसर. कर्जापुरती फुटपाथवरची बाई महापालिकेच्या लेखी पथविक्रेती आहे. त्याच कर्जातून भरलेला माल त्याच महापालिकेची दुसरी खिडकी बेकायदा म्हणून उचलते, आणि बँकेचा हप्ता काही थांबत नाही.

पूर्वी तरी निदान पावती होती. परवाना नसलेल्यांकडून महापालिका रोजचे चार पैसे वसूल करायची आणि चिटोरं द्यायची. त्या पावत्या कित्येकांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवल्या आहेत. आपण इथे इतकी वर्षं बसतोय याचा त्यांच्याकडचा तोच पुरावा. या बसण्याला न्यायालयाचाही आधार आहे. 1989 मध्ये सोदान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावर विक्री करणं हा घटनेतल्या व्यवसायस्वातंत्र्याचा भाग मानला, अर्थात वाजवी निर्बंधांसह. सोदान सिंग हा दिल्लीच्या जनपथ लेनमध्ये विजेच्या खांबाजवळ तयार कपडे विकणारा माणूस होता आणि त्याचंही गाऱ्हाणं पालिकेविरुद्धच होतं.

तेव्हा या लेखमालेतल्या विक्रेत्या वाचकांसाठी एवढंच. माल उचलला गेला तर यादी मागा, तोंडी नाही, लेखी. दिली नाही तर त्याच दिवशी विभाग कार्यालयात अर्ज द्या: माल काय, किती, किती वाजता, गाडीचा क्रमांक. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. प्रमाणपत्र असो वा नसो, शिक्का मारायला नकार देता येत नाही. शक्य असेल तर खरेदीची चिठ्ठी रोज काट्याखाली ठेवत जा.

ज्या नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य निवडून आलेले विक्रेते असायला हवेत, ती मुंबईत इतकी वर्षं का रखडली, हे पुढच्या आठवड्यात.