आंबट तितके क जीवनसत्त्व जास्त? शाळेतला प्रयोग काय सांगतो

तुमच्या मुलाने शाळेत स्टार्च-आयोडीनचा प्रयोग केला असेल, तर घरी एक प्रश्न नक्की येतो: लिंबापेक्षा पेरूत क जीवनसत्त्व जास्त कसे?

प्रयोगात काय घडते?
कॉर्नफ्लोअर पाण्यात उकळून थंड करतात. त्यात आयोडीनचे थेंब टाकले की रंग गडद निळा होतो. मग फळाचा गाळलेला रस थेंबाथेंबाने घालतात. रसातील क जीवनसत्त्व आयोडीनचे आयोडाइड करते आणि निळा रंग जातो. जितक्या कमी थेंबांत रंग जाईल, तितके क जीवनसत्त्व जास्त.

निष्कर्ष काढताना काळजी घ्या
- उकळलेला रस तपासायचा असेल तर आधी पूर्ण थंड करा, कारण नुसत्या उष्णतेनेही निळा रंग फिका पडतो. आटलेले पाणी भरून काढा.
- रसातील इतर काही घटकही रंग घालवतात. त्यामुळे हा प्रयोग तुलना दाखवतो, नेमके मिलिग्रॅम नाही.
- आयोडीन पोटात जाऊ देऊ नका. प्रयोगातले काहीही चाखू नका.

आंबटपणावर जाऊ नका
आंबटपणा मुख्यतः इतर आम्लांमुळे येतो. चिंच आंबट असूनही तिच्यात क जीवनसत्त्व अगदी थोडे असते. 100 ग्रॅम पेरूत ते साधारण 200 मिलिग्रॅम, तर तेवढ्याच लिंबाच्या रसात 40 ते 50 मिलिग्रॅम असते. आयसीएमआरच्या 2020 च्या शिफारशीनुसार रोजची गरज प्रौढ पुरुषाला 80, तर स्त्रीला 65 मिलिग्रॅम आहे. म्हणजे एक मध्यम पेरू पुरेसा होतो. त्यासाठी निरोगी माणसाला गोळ्यांची गरज नसते.

स्वयंपाकघरात काय बदलाल?
क जीवनसत्त्व पाण्यात विरघळते आणि उष्णतेने कमी होते. म्हणून भाजी आधी धुवा, मग चिरा. लिंबू फोडणीत न घालता पानात वाढल्यावर पिळा.

हिमोग्लोबिन कमी असलेले अनेक रुग्ण मला सांगतात, "डॉक्टर, पालेभाजी तर रोज खातो." पण पालेभाजीतील लोह शरीरात सहज शोषले जात नाही. त्याच जेवणात लिंबू, पेरू किंवा आवळा असेल तर ते जास्त शोषले जाते. जेवणाबरोबर चहा घेतल्यास कमी. हिमोग्लोबिन कमी असेल तर आहारासोबत तपासणी आणि औषध हवेच. हिरड्यांतून वारंवार रक्त येत असेल तरीही डॉक्टरांना दाखवा.